धुराकडून दराकडे : सीएनजीच्या एका आदेशाचे वाचन

पेट्रोल आणि डिझेल ज्यापासून तयार होते त्याला आपण मराठीत ‘खनिज तेल’ म्हणतो आणि पुष्कळदा त्याच विहिरीतून वर येणाऱ्या वायूला ‘नैसर्गिक वायू’ म्हणतो. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायच्या क्षेत्रात तेल आणि वायू एकत्रच वर येतात. दोन्ही कोट्यवधी वर्षे खडकात कोंडलेले, दोन्ही समुद्रतळाला भोक पाडून काढलेले, दोन्ही नळाने उरणच्या किनाऱ्याला आणलेले. तरी एकाच्या नावात खाण आली आणि दुसऱ्याच्या नावात निसर्ग.

या ‘नैसर्गिक’चा मूळ अर्थ अगदी साधा होता. एकोणिसाव्या शतकात शहरांतले रस्त्यावरचे दिवे ज्या गॅसवर जळत, तो कारखान्यात कोळसा तापवून बनवलेला असे. मुंबईतही लालबागला असा कारखाना होता. त्या बनवलेल्या गॅसपासून जमिनीतून आयत्या मिळणाऱ्या गॅसला वेगळे ओळखता यावे, एवढ्यापुरते ‘नॅचरल’ हे विशेषण होते. पुढे बनवलेला गॅस गेला, त्याचे दिवे गेले, विशेषण मात्र राहिले आणि त्याला नवा अर्थ चिकटला. आज मोटारीच्या मागच्या काचेवर हिरव्या अक्षरांत ‘सीएनजी’ लिहिलेले असते, तेव्हा त्यातला ‘एन’ वाचणाऱ्याला झाडापानांची आठवण करून देतो.

मी वाहन अभियंता नाही, वकीलही नाही. न्यायालयांचे आदेश, समित्यांचे अहवाल, अर्थसंकल्पी भाषणे आणि कंपन्यांच्या जाहिराती हेही एक प्रकारचे वाङ्मयच आहे असे धरून ते वाचत राहण्याचा नाद मात्र मला बऱ्याच वर्षांपासून आहे. या वाङ्मयाला वाचक भरपूर आहेत. समीक्षक फारसे मिळत नाहीत. कवितेतला एक शब्द बदलला तर आपण त्यावर परिसंवाद घेतो, पण आदेशातला एक शब्द बदलला आणि त्यापायी लाखो माणसांचे दिवसाचे तास बदलले तरी ते आपल्या लक्षात येत नाही. म्हणून या लेखात मी सीएनजीची कथा एका आदेशापासून वाचणार आहे. त्या आदेशात दोन मागण्या होत्या. एक आपण पाठ केली आणि दुसरी विसरलो. आज शहरातल्या गॅसच्या पंपावर जे काही दिसते, ते माझ्या मते या अर्धवट वाचनाचे फळ आहे.

२८ जुलै १९९८

पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेसंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली ती १९८५ साली. तिला खरी धार आली नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९९६ साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या अनिल अग्रवाल यांच्या संस्थेने वाहनांच्या धुरावर ‘स्लो मर्डर’ नावाचा अहवाल काढला. जानेवारी १९९८ मध्ये केंद्र सरकारने भुरे लाल यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण प्रदूषण प्राधिकरण नेमले. त्या प्राधिकरणाच्या शिफारशी उचलून सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी एक आदेश दिला.

हा आदेश ‘सीएनजीचा आदेश’ म्हणून ओळखला जातो. तो वाचायला घेतला की पहिले आश्चर्य वाटते ते त्यातल्या यादीचे. शिशाचे पेट्रोल बंद करा. १९९० पूर्वीच्या रिक्षा आणि टॅक्सी ३१ मार्च २००० पर्यंत काढून स्वच्छ इंधनाची नवी वाहने आणा. आठ वर्षांहून जुनी बस सीएनजीवर किंवा इतर स्वच्छ इंधनावर असेल तरच १ एप्रिल २००० नंतर चालेल. ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातल्या सगळ्या बसगाड्या, सरकारी असोत वा खासगी मालकांच्या, फक्त सीएनजीवर चालणाऱ्या करा. गॅसचे पंप ९ वरून ८० वर न्या. व्यापारी वाहनांच्या तपासणीसाठी यंत्रणा उभारा. आणि या साऱ्याबरोबर, तितक्याच ठळकपणे : १ एप्रिल २००१ पर्यंत शहरातल्या बसगाड्यांची संख्या १०,००० करा.

या यादीत खासगी मोटार जवळजवळ नाहीच. शिशाच्या पेट्रोलचे कलम तिला लागू होते, तेवढेच. यादीतली माणसे म्हणजे बसचा उतारू, बसचा चालक, रिक्षावाला, टॅक्सीवाला. आणि यादीचे तर्कशास्त्र दोन पायांवर उभे आहे : जी वाहने सगळ्यांची आहेत त्यांचा धूर कमी करा, आणि अशी वाहने वाढवा. इंधन बदलणे हा एक पाय, बस वाढवणे हा दुसरा.

पहिल्या पायाची गरज आज तरुण वाचकाला पटकन पटणार नाही, म्हणून थोडे सांगतो. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत हजारांच्या घरात असे. २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज-६ डिझेलमध्ये ते १० आहे. जुने इंजिन, गंधकाचे डिझेल, त्यात रॉकेलची भेसळ आणि देखभालीची बोंब. बस सुटताना मागे काळा लोट उठे. त्या लोटात काजळीचे जे बारीक कण असत, ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, म्हणून जळताना काजळी धरण्याला वावच कमी मिळतो. शिवाय मिथेनमध्ये रॉकेल मिसळता येत नाही. न्यायालयाला हा दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटला असावा. भेसळ पकडणारी यंत्रणा उभी करण्यापेक्षा भेसळ अशक्य असणारे इंधन आणणे सोपे होते.

इंधन की निकष?

३१ मार्च २००१ उजाडला तेव्हा गॅस पुरेसा नव्हता, पंप पुरेसे नव्हते आणि बसही नव्हत्या. मुदती वाढत गेल्या. रिक्षा-टॅक्सीवाले गॅससाठी रात्र-रात्र रांगेत उभे राहिले आणि थांब्यांवर उतारू लटकले. याच काळात, २००१ मध्ये, केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. मराठी वाचकांना माशेलकर हळदीच्या पेटंटमुळे माहीत आहेत. त्यांचा हा दुसरा वाद आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. समितीचे म्हणणे थोडक्यात असे : सरकारने धुराचे निकष ठरवावेत, कोणते इंधन आणि कोणते तंत्र वापरून ते निकष गाठायचे हे ठरवण्याचे काम वाहन बनवणाऱ्यांवर आणि वापरणाऱ्यांवर सोडावे.

तत्त्व म्हणून यात चूक काढणे कठीण आहे. पण ५ एप्रिल २००२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने समितीवर कडक ताशेरे ओढले आणि डिझेलवर चालत राहणाऱ्या बसला दिवसाला ५०० रुपये, तीस दिवसांनंतर दिवसाला १,००० रुपये दंड लावला. न्यायालयाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. निकष पाळले जातात की नाही हे तपासणारी व्यवस्थाच जिथे विकाऊ आहे, तिथे निकषांचे तत्त्व कागदावरच राहते. पीयूसीचे प्रमाणपत्र गाडी न दाखवता मिळते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. २००२ संपता संपता दिल्लीच्या रस्त्यांवरून डिझेलच्या शहर-बस गेल्या. न्यायालयाच्या हट्टाशिवाय हे घडले नसते, हे मला मान्य आहे.

पण ५ एप्रिलच्या त्याच आदेशात एक वाक्य आहे, ज्याकडे सीएनजीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही लक्ष देत नाहीत. गॅसच्या वाटपात देशभर वाहतूक क्षेत्राला प्राधान्य द्यावे, आधी दिल्ली आणि इतर प्रदूषित शहरांतल्या वाहनांना, मग उरला तर उद्योगांना, असे न्यायालय तिथे सांगते. आणि वाहतूक क्षेत्र म्हणजे काय हे सांगताना ‘खासगी वाहने धरून’ अशी पुस्ती जोडते. १९९८ च्या यादीत जी खासगी मोटार नव्हती, ती चार वर्षांनी या पुस्तीतून आत आली. तिच्याबरोबर तिच्यावर कुठली अट आली नाही. बस, रिक्षा आणि टॅक्सीला सीएनजी सक्तीने मिळाला. खासगी मोटारीला तो सवलत म्हणून मिळाला.

विसरलेली मागणी

आता दुसऱ्या पायाचे काय झाले ते पाहू. १०,००० बसगाड्यांची मुदत १ एप्रिल २००१ ची होती. २०१८ सालीसुद्धा दिल्लीतील बसगाड्यांची संख्या त्या आकड्याच्या बरीच खाली होती. इंधनाच्या कलमासाठी दंड होता, रोजचा होता आणि तो बसमालकाच्या खिशातून जाणारा होता. संख्येच्या कलमासाठी दंड कुणाला लावायचा? सरकारलाच लावावा लागला असता. त्यामुळे आदेशाचा जो भाग छोट्या माणसावर लादता येत होता तो लादला गेला, आणि जो भाग मोठ्या यंत्रणेने करायचा होता तो हळूहळू मागे पडला. शिवाय १९९७ साली न्यायालयाने दिल्लीतील रिक्षांच्या संख्येवर मर्यादा घातली होती. ती २०११ साली सैल होईपर्यंत परमिटचा भाव रिक्षाच्या भावाहून वर गेला आणि परमिटच्या बाजारात सावकार बसले. म्हणजे बस वाढली नाही, रिक्षा वाढू दिली नाही. वाढली ती एकच गोष्ट, खासगी गाडी.

२००७ साली ऊर्वशी नारायण आणि ॲलन क्रुपनिक या अभ्यासकांनी दिल्लीच्या सीएनजी कार्यक्रमाचा हवेवर झालेला परिणाम आकडेवारीने तपासला. बसगाड्या गॅसवर आल्याने हवेला निश्चित फायदा झाला, असे त्यांना आढळले. पण रिक्षांच्या बदलात तंत्र कच्चे असल्याने तसा फायदा दिसला नाही, आणि जे मिळाले त्यातले काही डिझेल मोटारींच्या वाढीने खाऊन टाकले. या निष्कर्षाचा सरळ अर्थ मला असा दिसतो : गॅसने काम केले ते बसमध्ये. एका इंजिनामागे चाळीस-पन्नास माणसे बसलेली असताना इंधन बदलले की माणशी फायदा मोठा होतो. श्रेय मात्र एकट्या गॅसला मिळाले. बस त्या श्रेयातून गळाली.

मुंबईची प्रत

मुंबईत या कथेची दुसरी आवृत्ती निघाली. इथे गॅस हाताशी होता. महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालीच स्थापन झाली होती. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना गॅसकडे वळवले. गंमत अशी, की तिकडे दिल्लीला जाणाऱ्या गॅसचा मोठा भागही आपल्याच समुद्रातला होता. वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘साउथ बसीन’ क्षेत्रातला वायू नळाने गुजरातेत हजिऱ्याला जातो आणि तिथून लांब पल्ल्याच्या वाहिनीतून उत्तरेकडे. दिल्लीच्या बसमागचा लोट कमी झाला त्यात वसईच्या समुद्राचा वाटा आहे.

मुंबईत बदलाची किंमत कुणी मोजली हे काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत स्पष्ट दिसे. सीएनजी गाडीत सुमारे २०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाबाने भरावा लागतो. त्यासाठी जाड पोलादाची जड टाकी लागते. पद्मिनीच्या डिकीत ती बसवली की सामानाला जागा उरत नाही. मग सामान टपावरच्या कॅरिअरवर. गाडी चढाला दमते. किटचा खर्च, कर्जाचा हप्ता, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, तिच्याशिवाय पासिंग नाही. पद्मिनीची शेवटची टॅक्सी नोंदली गेली २००३ साली आणि रस्त्यावरून उतरली ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवणींचे रकाने भरले. त्या गाडीच्या शेवटच्या दोन दशकांत तिच्या पोटात जी टाकी होती आणि जिचे हप्ते चालकाने फेडले, तिच्याविषयी त्या रकान्यांत क्वचितच काही आले.

गॅस स्वस्त असल्याने चालकाचा खर्च भरून निघाला, असे यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे. टॅक्सी आणि रिक्षाच्या माणसाने पुढे सीएनजी आपणहून धरून ठेवला तो याच कारणाने. पण इथेच विशेषणाची अदलाबदल सुरू होते. धुरासाठी आणलेली वस्तू आता दरासाठी टिकून राहिली. आणि दरासाठी टिकलेली वस्तू ज्याला दर परवडतो आणि जागा परवडते, त्या प्रत्येकाला हवीशी वाटणारच.

सवलतीचा माल

ऑगस्ट २०१० मध्ये मारुती सुझुकीने कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या मोटारी बाजारात आणल्या. तोवर किट बाहेरून बसवावे लागे. आता ते हमीसकट मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष आले, तेव्हा लहान डिझेल गाड्या परवडेनाशा झाल्या आणि मारुतीने डिझेल सोडून दिले. जो ग्राहक इंधनखर्चासाठी डिझेल घेत होता, त्याला दुसरी वाट सीएनजीची होती. जानेवारी २०२२ मध्ये टाटा मोटर्सच्या सीएनजी मोटारी आल्या. पुढच्याच वर्षी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवून डिकी मोकळी करून दिली. ज्या डिकीसाठी टॅक्सीवाल्याने वीस वर्षे कॅरिअर वापरला, ती मोटारमालकाला परत मिळाली. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकलही आणली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सीएनजी मोटारींचा खप डिझेल मोटारींच्या पुढे गेला.

या काळातल्या जाहिराती वाचा. त्यात किलोला किती किलोमीटर हे मोठ्या टायपात असते. हिरवे पान कोपऱ्यात असते. हिरव्या पानाचे काम एवढेच, की स्वस्ताचा मोह पुण्यासारखा वाटावा.

ते पान कितपत खरे आहे? तुलना कशाशी करतो यावर ते अवलंबून आहे. १९९८ च्या डिझेल बसशेजारी सीएनजी निर्विवाद स्वच्छ होता. आज ग्राहकापुढे पर्याय असतो तो भारत स्टेज-६ पेट्रोल गाडीचा, आणि तिच्याशेजारी काजळीचा फरक फार मोठा उरत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढ्याच ऊर्जेमागे साधारण एकपंचमांशाने कमी निघतो, हा फायदा खरा आहे. पण न जळलेला मिथेन विहिरीपासून नोझलपर्यंत कुठेही गळला, तर वीस वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट आहे. थोडी गळतीसुद्धा तो एकपंचमांश खाऊ शकते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे तर निराळेच. २०२४ साली इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशनने दिल्ली-गुरुग्राममधल्या रस्त्यांवर धावत्या वाहनांचा धूर मोजून प्रसिद्ध केला, त्यात सीएनजीच्या व्यापारी वाहनांतून हे ऑक्साइड प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या कित्येक पट निघताना आढळले. हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत. काळा लोट दिसत होता म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला.

शासनाच्या स्वतःच्या चिन्हभाषेतही हा बदल नोंदला गेला आहे. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत सम-विषम योजना झाली तेव्हा खासगी सीएनजी मोटारींना तीतून सूट होती आणि त्यासाठी काचेवर स्टिकर लावायचा होता. त्या स्टिकरचा गैरवापर होतो अशी ओरड झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये योजना पुन्हा आली तेव्हा ती सूट काढून घेण्यात आली. मध्यंतरी, २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने दिल्ली परिसरातील गाड्यांसाठी इंधनाप्रमाणे रंगीत स्टिकर ठरले. डिझेलला नारिंगी, आणि फिकट निळा पेट्रोलला आणि सीएनजीला मिळून एकच. मोटारमालक मागच्या काचेवर हिरव्या अक्षरांत जे म्हणतो, ते पुढच्या काचेवरचा सरकारी निळा तुकडा नाकारतो.

रांगेचा हिशेब

कुणी म्हणेल, घेतली एखाद्या कुटुंबाने चार पैसे वाचावेत म्हणून गॅसची मोटार, तर बिघडले काय? त्या कुटुंबाचे काहीच बिघडले नाही. पेट्रोल शंभरीपार गेल्यावर त्याने दुसरे काय करावे? माझा आक्षेप त्याच्यावर नाही. आक्षेप आहे तो एका मर्यादित वस्तूचे वाटप ‘स्वच्छ’ या शब्दाच्या आडून होते त्यावर.

गॅस मर्यादित आहे. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास आयात होतो. देशातल्या जुन्या क्षेत्रांमधून निघणारा स्वस्त गॅस सरकारने नेमून दिलेल्या दराने आणि नेमून दिलेल्या क्रमाने वाटला जातो. घरगुती नळ आणि सीएनजी यांना २०१४ पासून त्यात अग्रक्रम मिळाला. २०२४ च्या अखेरीला सीएनजीसाठीचा हा वाटा कमी करण्यात आला, तेव्हा महागड्या गॅसचा भार दरावर आला. पंपावर मात्र सगळे एकाच दराने भरतात : पन्नास उतारूंची बस, दिवसाकाठी दोनशे किलोमीटर धावणारी रिक्षा आणि एका माणसाला कचेरीत नेऊन दिवसभर उभी राहणारी मोटार. महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. ही सवलत सर्वांना सारखी होती. म्हणजे बसला जेवढी, तेवढीच आलिशान गाडीला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात खासगी सीएनजी मोटारींवरचा वाहनकर एक टक्क्याने वाढवण्यात आला. बस आणि मोटार यांत फरक करावा असे राज्याला इतक्या उशिरा, आणि तेही महसुलासाठी, सुचले.

दर सारखा, रांगही सारखी. पण रांगेतला तास सारखा नसतो. उपनगरातल्या पंपांवर मी पुष्कळदा हे पाहत उभा राहिलो आहे. मोटारीची टाकी एकदा भरली की नऊ-दहा किलो बसतो, दोनशे किलोमीटरच्या वर काम भागते. रोज तीस किलोमीटर जाणारा माणूस आठवड्याला एकदा रांगेत येतो. रिक्षाची टाकी लहान. रोज भरावी लागते, फेऱ्या लांबच्या पडल्या तर दोनदा. त्यात पंपावर ‘प्रेशर कमी आहे’ असे सांगितले की टाकी पुरती भरत नाही आणि संध्याकाळी पुन्हा रांग. रिक्षा शिफ्टने घेतलेली असेल तर मालकाचे भाडे ठरलेले. रांगेत गेलेला तास चालकाच्या वाट्यातून जातो. मोटारमालक त्या वेळात फोनवर बोलून घेतो. एका रिक्षावाल्याने मला सांगितले, “पूर्वी या रांगेत आम्हीच असायचो. आता पुढे-मागे सगळ्या मोटारी. रांग आमचीच म्हणायची, पण आमचा नंबर लागत नाही.”

त्याच्या या तक्रारीला इतिहासाचा आधार आहे. न्यूझीलंडने १९७९ पासून सवलती देऊन सीएनजी मोटारी वाढवल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दहातली एक गाडी गॅसवर होती. सवलती काढल्या आणि काही वर्षांत ती सारी व्यवस्था विरून गेली. पाकिस्तानात याच्या उलटे घडले. तिथे स्वस्त गॅसच्या मोहाने २०१० च्या सुमारास वीस लाखांहून अधिक वाहने, मुख्यतः खासगी मोटारी, सीएनजीवर आली. गॅस अपुरा पडला आणि पंप आठवड्यातले काही दिवस बंद ठेवण्याची पाळी आली. एका देशात गाड्या सवलतीवर उभ्या होत्या, दुसऱ्यात गाड्यांनी गॅस संपवला. दोन्हीकडे कोणत्या वाहनाला गॅस आधी, हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

आपल्याकडे तो विचारला गेला होता. २८ जुलै १९९८ च्या आदेशाने त्याचे उत्तरही दिले होते : बसला, रिक्षाला, टॅक्सीला, आणि बस भरपूर असू द्या. मुंबईत बेस्टच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास चार हजारांच्या वर गाड्या होत्या. आता त्या तीन हजारांच्या खाली आल्या आहेत. त्याच वर्षांत सीएनजी मोटारी वाढत गेल्या. दोन्ही आकडे वेगवेगळ्या खात्यांच्या अहवालांत छापले जातात. ते एका पानावर मांडले की ‘स्वच्छ’ हे विशेषण कुठून कुठे गेले ते दिसते.

आता विजेच्या गाड्यांची पाळी आहे. त्यांच्या पाट्या तर खरोखरच हिरव्या आहेत. सवलती, करमाफी, चार्जिंगच्या जागा, सगळे पुन्हा तेच शब्द घेऊन येत आहे. या नव्या धोरणांचे मसुदे वाचताना मी आधी एकच ओळ शोधतो : बसगाड्या किती आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती ओळ असली, तर पुढे पाहतो की ती पाळली नाही तर दंड कुणाला आहे. १९९८ च्या आदेशात पहिली ओळ होती, दुसरी नव्हती. वाचकांनीही आपल्या शहराच्या अर्थसंकल्पात या दोन ओळी शोधून पाहाव्यात. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.